तुलना करायची तर तराजू एकच हवा : बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे आणि त्यांचं नऊ आण्यांचं पुस्तक

गुगल मॅप चालू असूनही बायकांना रस्ता सापडत नाही, हा जोक प्रत्येक फॅमिली ग्रुपवर वर्षातून चार वेळा तरी येतोच. आता त्यासोबत मेंदूचं रंगीत चित्रही येतं. पुरुषाच्या मेंदूत एक भाग लाल, बाईच्या मेंदूत दुसराच भाग लाल, आणि खाली ओळ की शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय.

चित्र खोटं नसतं. असे अभ्यास खरोखर झालेत, त्यांच्याकडे आपण पुढे येऊच. पण बाई आणि पुरुष यांना शेजारी शेजारी उभं करून मोजायचं असेल तर आधी तराजू तपासायला हवा, हे मराठीत ठणकावून सांगणारं पुस्तक १८८२ मध्येच निघालं होतं. लिहिणारी बाई बुलढाण्याची. नाव ताराबाई शिंदे. पुस्तकाचं नाव ‘स्त्री-पुरुष तुलना’.

कोण होत्या या ताराबाई?

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमारास बुलढाण्यात झाला. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचं हे थंड हवेचं गाव. जिजाऊंचं सिंदखेड राजा याच जिल्ह्यात येतं. त्या काळात वऱ्हाड नावाला निजामाचा होता, पण १८५३ च्या तहानंतर कारभार इंग्रजांच्या हातात गेला होता. त्यामुळे या भागात इंग्रजी पद्धतीच्या कचेऱ्या उघडल्या आणि त्या चालवायला लिहिता-वाचता येणारी माणसं लागू लागली.

अशाच एका कचेरीत ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे होते. डेप्युटी कमिशनरच्या ऑफिसात हेड क्लार्क. मराठा घराणं, घरी शेतीवाडी आणि डोक्यात सुधारकी विचार. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक मंडळींशी त्यांचा संबंध होता. १८७१ मध्ये त्यांनी स्वतःही शिकलेल्या लोकांना चार गोष्टी सुनावणारं एक पुस्तक छापलं होतं. म्हणजे लिहून भांडण्याची सवय घरातच होती म्हणायची.

बापूजींना चार मुलगे आणि एकच मुलगी. परिसरात मुलींची शाळा नव्हती. तरीही बापूजींनी ताराबाईंना घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवलं. यातलं संस्कृत महत्त्वाचं. एकोणिसाव्या शतकात मराठा घरातल्या मुलीला संस्कृत येणं ही साधी गोष्ट नव्हती. बायकांना नावं ठेवणारे श्लोक लोक ज्या भाषेत फेकायचे, ती भाषा या मुलीला कळत होती. पुढे त्याचा चांगलाच उपयोग झाला.

लग्न त्या काळाच्या रीतीप्रमाणे लहान वयातच झालं. फरक इतकाच की ताराबाई सासरी गेल्या नाहीत, नवराच घरजावई म्हणून शिंद्यांच्या घरी आला. त्यांना मूलबाळ झालं नाही. ज्या काळात बाईचं नाव, गाव आणि दिवसाची वेळसुद्धा सासर ठरवायचं, त्या काळात ताराबाई वडिलांच्या घरी, वडिलांच्या पुस्तकांमध्ये राहिल्या. आजही आपण त्यांना ओळखतो ते शिंदे या माहेरच्या आडनावानेच.

याचा अर्थ त्या मोकळ्या फिरत होत्या असा नाही. उच्च मराठा घराण्यांमध्ये बायकांचा पडदा कडक असायचा. पुस्तकाच्या सुरुवातीलाच ताराबाई स्वतःची ओळख करून देतात ती मराठमोळी रीत पाळणाऱ्या घरात कोंडलेली, बुद्धी नसलेली एक बाई अशी. बुद्धी नसलेली हे शब्द नम्रतेचे की टोमण्याचे, ते पुढची पानं वाचली की लगेच कळतं. कोंडलेली हा शब्द मात्र लक्षात ठेवा. त्यांच्या सगळ्या युक्तिवादाचा पाया तिथे आहे.

सुरतेत काय घडलं?

१८८१ मध्ये सुरतेच्या कोर्टात एक खटला चालला. विजयालक्ष्मी नावाची तरुण ब्राह्मण विधवा. विधवेला पुन्हा लग्न करू द्यायचं नाही हा समाजाचा नियम होता. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ मध्येच झाला होता, पण तो कागदावर. विजयालक्ष्मीला दिवस गेले, मूल झालं आणि बदनामीच्या भीतीने तिने त्या बाळाला मारलं. कोर्टाने तिला फाशी सुनावली. अपिलात ती शिक्षा काळ्या पाण्यावर आली.

त्या काळात अशा घटना इतक्या घडत होत्या की त्याच्या जवळपास वीस वर्षं आधी, १८६३ मध्ये, जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं होतं. फसलेल्या विधवेने तिथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं आणि मूल ठेवून जावं, अशी ती सोय होती.

विजयालक्ष्मीच्या खटल्यावर वर्तमानपत्रांनी रान उठवलं. ‘पुणे वैभव’ हे सनातनी वळणाचं पत्र. त्यात आलेल्या लेखात एका विधवेला दोष देऊन लेखकाचं समाधान झालं नाही, त्याने एकूणच बायकांच्या चालचलणुकीवर तोंडसुख घेतलं. आजच्या भाषेत सांगायचं तर एका केसवरून सगळ्या बायकांना ट्रोल केलं.

या सगळ्या प्रकरणात एक माणूस गायब होता. त्या बाळाचा बाप. त्याच्यावर खटला नाही, त्याच्यावर अग्रलेख नाही आणि त्याच्यावरून पुरुषजातीबद्दल कुणी निष्कर्षही काढला नाही.

बुलढाण्यात ताराबाईंनी लेखणी उचलली ती इथे.

पुस्तकात आहे तरी काय?

‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं. प्रती ५००, किंमत नऊ आणे. स्त्रिया आणि पुरुष यांच्यात जास्त साहसी कोण हे दाखवून देण्यासाठी हा निबंध लिहिल्याचं नावातच सांगितलं होतं. इथे थोडं थांबायला हवं. साहसी म्हणजे आज आपल्याला ट्रेकला जाणारा माणूस आठवतो. इथे अर्थ वेगळा आहे. साहस म्हणजे बेछूट, पापपुण्याचा विचार न करता केलेलं कृत्य. एका जुन्या संस्कृत श्लोकात बाईला संशयाचा भोवरा, साहसाचं गाव आणि कपटाचं आगर अशा बऱ्याच पदव्या दिल्या आहेत, शब्द तिथला आहे.

ताराबाईंची पद्धत एखाद्या वकिलासारखी आहे. बायकांवरचा एकेक आरोप त्या हातात घेतात. हा दोष बाईत आहे असं तुम्ही म्हणता ना, ठीक. मग पुरुषात नाही का? कुणात जास्त आहे? आणि बाईत आला असेल तर कुठून आला?

समजा बायका अंधश्रद्धाळू आहेत. पण त्यांना शिकवलं कुणी नाही, घराबाहेर जाऊ दिलं नाही. मग त्यांनी देवदेवस्की करायची नाही तर काय करायचं? उलट शिकलेले पुरुष गंडेदोरे, बुवा, अंगारे यांच्या मागे लागतात त्यांना काय म्हणायचं? समजा बायका कपटी आहेत. पण लाच कोण खातं, खोट्या साक्षी कोण देतं, खोटे कागद कोण करतं? तुरुंग कुणाच्या गर्दीने भरलेत? हेड क्लार्कच्या मुलीने हे विचारावं यात नवल नाही. कचेरीतल्या भानगडी तिच्या घरी जेवणाच्या वेळी ऐकू येत असणारच.

मग त्या पुराणांकडे वळतात. सावित्री नवऱ्याचे प्राण परत आणायला थेट यमाच्या मागे गेली. बायकोचे प्राण मागायला यमाच्या दारात गेलेला एक तरी नवरा पुराणांत आहे का, असा त्यांचा सवाल आहे. बायको गेली की तेराव्यानंतर स्थळं बघायला सुरुवात होते. नवरा गेला की बाईचे केस जातात, दागिने जातात आणि शुभ कार्यात तिचं तोंड दिसणंही नको होतं. नवरा हा देव मानायचा हे ठीक, पण मग देवाने देवासारखं वागायला नको का? म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेल्या कोवळ्या मुलीने कोणत्या देवाची पूजा करायची?

त्या काळातली नाटकं-कादंबऱ्याही त्यांनी सोडल्या नाहीत. ‘मुक्तामाला’ आणि ‘मंजुघोषा’ या तेव्हाच्या लोकप्रिय कादंबऱ्या, ‘मनोरमा’ हे नाटक. पुरुष लेखक बाई रंगवतात ती एक तर देवी नाही तर कुलटा, ही तक्रार त्यांनी तेव्हा केली होती. सुधारकांनाही टोले आहेत. सभेत स्त्रीशिक्षणावर भाषणं ठोकायची आणि घरी येऊन काहीच बदलायचं नाही, या माणसाची तर त्यांनी भरपूर फिरकी घेतली आहे.

भाषा? अजिबात सोवळी नाही. बोलीतली, झणझणीत, थेट तुम्ही म्हणून पुरुषांना समोर उभं करणारी. त्याच १८८२ साली पंडिता रमाबाईंचं ‘स्त्रीधर्मनीति’ आलं. रमाबाईंचं ते पुस्तक बायकांना उपदेश करतं. ताराबाईंनी उपदेशाच्या बाजूला न जाता हिशेब मागितला. विधवेचं दुःख मांडणारे पुरुष तोपर्यंत अनेक झाले होते. पण दोष कुणाचा हे ठरवणाऱ्याच्याच हाती तराजू आहे आणि तो काटा मारतोय, हे दाखवणं ही ताराबाईंची खरी कामगिरी.

तेव्हा युरोपात मेंदू मोजले जात होते

ताराबाईंचं भांडण शास्त्रवचनांशी आणि वर्तमानपत्रांशी होतं. पण त्याच काळात युरोपातले मोठमोठे शास्त्रज्ञ हीच तुलना खऱ्याखुऱ्या तराजूवर करत होते.

पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांनी मृतांचे मेंदू वजन करून पाहिले. २९२ पुरुषांच्या मेंदूंची सरासरी १,३२५ ग्रॅम, १४० बायकांची १,१४४ ग्रॅम. फरक १८१ ग्रॅम. मोठ्या शरीराला मोठा मेंदू असतो, हे ब्रोकांना ठाऊक होतं. तरीही बायकांची बुद्धी कमी असतेच, त्यामुळे फरकाचा काही भाग त्यातून आला असणार, असं त्यांनी धरून टाकलं. जे सिद्ध करायचं तेच आधी गृहीत. १८८७ मध्ये, म्हणजे ताराबाईंच्या पुस्तकानंतर पाच वर्षांनी, इंग्लंडमध्ये डार्विनचे सहकारी जॉर्ज रोमेन्स यांनीही साधारण पाच औंसांच्या फरकावरून बायकांच्या बुद्धीबद्दल असाच निष्कर्ष काढला. पुढे वजन आणि बुद्धीचं हे गणित मोडीत निघालं.

आता वजनकाट्याची जागा एमआरआयने घेतली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचं ते रंगीत चित्र इथून येतं. २००० साली जर्मनीतल्या उल्म इथल्या संशोधकांनी १२ पुरुष आणि १२ बायकांना मशीनमध्ये झोपवून कॉम्प्युटरवरच्या भूलभुलैयातून बाहेर पडायला सांगितलं. पुरुष सरासरीने लवकर बाहेर आले. त्यांच्या मेंदूत डावीकडचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे जागा लक्षात ठेवणारा भाग, जास्त कामाला लागलेला दिसला. बायकांच्या मेंदूत उजवीकडचे पुढचे आणि वरचे भाग जास्त सक्रिय होते. म्हणजे काम एकच, वाटा वेगळ्या. त्यात माणसं फक्त २४ होती, ही गोष्ट फॉरवर्डमध्ये कधीच नसते.

उलट बाजूचे निकालही आहेत. एखादी वस्तू नेमकी कुठे ठेवली होती हे आठवायच्या चाचण्यांमध्ये बायका सरासरीने थोड्या पुढे असतात. घरातल्या कुणालाही न सापडणारी वस्तू आईलाच का सापडते, यावर मात्र जोक बनत नाही. बनला तरी त्यात मेंदूचं चित्र नसतं.

फरक दिसतो, हे खरं. आकृती मनातल्या मनात फिरवून पाहायच्या चाचणीत तर तो बऱ्याच देशांत दिसला आहे. हार्मोन्सचा त्यात हात किती यावर संशोधन चालू आहे. पण मशीन सांगतं ते आज मेंदूत काय चाललंय एवढंच. तसं का चाललंय हे त्या चित्रात नसतं. आणि मेंदू वापराने बदलतो. लंडनमध्ये हजारो गल्ल्या पाठ करून परवाना मिळवणाऱ्या टॅक्सीवाल्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग मोठा आढळला. नंतरच्या अभ्यासात, प्रशिक्षण घेऊन पास झालेल्यांमध्ये तो भाग त्या काळातच वाढलेला दिसला.

मग ताराबाईंचा तो शब्द आठवतो. कोंडलेली. एकाला लहानपणापासून सायकलवर गाव फिरू द्यायचं, दुसरीला उंबऱ्याच्या आत ठेवायचं आणि मोठेपणी दोघांची रस्ता शोधायची परीक्षा घ्यायची. निकाल येईलच. पण तो मेंदूचा की उंबऱ्याचा?

याचं थोडं उत्तर भारतातच सापडलं. २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ईशान्येकडचे दोन शेजारी समाज, खासी आणि कार्बी. खासींमध्ये मालमत्ता आईकडून मुलीकडे, विशेषतः धाकट्या मुलीकडे जाते. कार्बींमध्ये बापाकडून मुलाकडे. जवळपास १,३०० लोकांना तुकडे जुळवून चित्र पूर्ण करायचं एक कोडं दिलं. कार्बींमध्ये पुरुषांनी ते बायकांपेक्षा बरंच लवकर सोडवलं. खासींमध्ये बाई-पुरुषात फरकच सापडला नाही. काही भाग शिक्षणातल्या फरकामुळे होता, असं संशोधकांनी सांगितलं. पुढे २०१८ मध्ये मोबाईलवरच्या ‘सी हिरो क्वेस्ट’ या गेममधून ५७ देशांतल्या ५ लाखांहून जास्त लोकांची रस्ता शोधण्याची क्षमता तपासली गेली. पुरुष सरासरीने पुढे होते, पण ज्या देशांत स्त्री-पुरुष विषमता जास्त, तिथे हे अंतर जास्त होतं.

पुस्तक आलं, मग काय झालं?

शिव्या पडल्या. बाईने असं लिहावं, तेही पुरुषांना आणि देवांना जाब विचारत, हे कुणाला पचलं नाही. सनातन्यांनी नाकं मुरडली यात आश्चर्य नाही. दुखावणारी गोष्ट ही की स्वतःला सुधारक, सत्यशोधक म्हणवणाऱ्यांमधूनही टवाळी झाली. जातीच्या वर्चस्वाविरुद्ध बोलायला तयार असलेले लोक आपल्या घरातल्या वर्चस्वावर बोट ठेवलं की बिथरले.

बाजू घेतली ती जोतिराव फुल्यांनी. १८८५ मध्ये त्यांनी ‘सत्सार’ नावाच्या पुस्तिका काढल्या. पंडिता रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावरून पेटलेला वाद हा त्यांचा मुख्य विषय. दुसऱ्या अंकात फुल्यांनी ताराबाईंच्या पुस्तकाचा मुद्दाम उल्लेख केला, त्यांना चिरंजीविनी म्हणजे लाडक्या लेकीच्या नात्याने संबोधलं आणि त्यांच्यावर तुटून पडलेल्या आपल्याच लोकांची कानउघाडणी केली. ताराबाईंचा युक्तिवाद त्यांना नेमका कळला होता. पुरुषांनी बाईला शिकू दिलं नाही ते आपला जुलूम तिच्या ध्यानात येऊ नये म्हणून, हे फुले स्वतः सांगत आले होते.

एवढा एक पाठिंबा. ताराबाईंनी त्यानंतर दुसरं पुस्तक छापलं नाही. वय तेव्हा तिशीच्या आसपास. पुढची जवळपास तीन दशकं त्या जगल्या आणि १९१० च्या सुमारास गेल्या. हे सारं वाचताना सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. एवढी धारदार लेखणी एकाच पुस्तकावर थांबली. विजयालक्ष्मीला काळं पाणी झालं, ताराबाईंच्या वाट्याला घरातली शांतता आली. दोघींबद्दल मोठमोठ्याने बोलणारे लोक मात्र आपापली वर्तमानपत्रं चालवत राहिले.

५०० प्रती कुठेतरी विरल्या. मराठी साहित्याच्या इतिहासात या पुस्तकाला जागा मिळाली नाही. जवळपास ९० वर्षांनी जुन्या ग्रंथांचा शोध घेणारे अभ्यासक स. गं. मालशे यांना ते सापडलं आणि १९७५ मध्ये त्यांनी ते पुन्हा छापलं. योगायोग असा की ते आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं. मोर्चे निघत होते, मासिकांत वाद रंगत होते, आणि स्त्रीमुक्ती ही पाश्चात्त्यांची उसनवारी आहे असं सांगणारेही भरपूर होते. त्यांच्यासमोर अचानक बुलढाण्याच्या एका घरातून, मराठमोळ्या पडद्याआडून लिहिलेलं १८८२ चं हे पुस्तक येऊन पडलं.

१९९४ मध्ये इतिहासकार रोझलिंड ओ’हॅनलन यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि सोबत ताराबाईंच्या काळाचा मोठा अभ्यास जोडला. आता जगभरच्या विद्यापीठांत भारतातल्या स्त्रीवादी विचारांचा विषय निघाला की सुरुवातीच्या पुस्तकांमध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ असतं. भाषांतरात एका शब्दाने चांगलीच पंचाईत केली. साहसी. त्यासाठी एक नेमका इंग्रजी शब्द मिळेना, म्हणून शीर्षकात त्याचा अर्थ उलगडूनच सांगावा लागला.